एकोणचाळीस कलमांचं वाचन

स्कॉल्बी, लिंकनशायर
१७ सप्टेंबर १८८३

प्रिय मामा,

घर बदलल्यापासून तुम्हाला चार ओळीही लिहिल्या नाहीत. रागावला असाल तर तो तुमचा हक्क आहे. आम्ही दोघं बहीणभाऊ सुखरूप पोचलो. सोळा वर्षं दुसऱ्या पाद्र्यांच्या हाताखाली राबल्यावर अँब्रोजला स्वतःचं चर्च मिळालं आणि चर्चबरोबर राहायला घर. सात खोल्या आहेत मामा! वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदाच असं स्वयंपाकघर मिळालं, जिथून कुणी 'पुढच्या महिन्यात निघा' म्हणणार नाही.

म्हणजे, अजून तसं पक्कं नाही. चर्चच्या छताचं काम चालू आहे, म्हणून बिशपसाहेबांनी अँब्रोजचं 'वाचन' २८ ऑक्टोबरच्या रविवारवर नेलं. नव्या पाद्र्याने पदावर आल्यावर भर चर्चमध्ये, लोकांसमोर, आपल्या पंथाची एकोणचाळीस कलमं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची आणि मग 'ही मला मान्य आहेत' असं जाहीर करायचं, हे मी तुम्हाला काय सांगावं! न वाचल्यास पद जातं. पदाबरोबर घरही.

ते असो. मला विचारायचं होतं वेगळंच. तुम्ही जन्मभर इंग्रजी क्रियापदांच्या मागे हात धुऊन लागला आहात. 'रीड' या क्रियापदाचा मूळ अर्थ काय? ते आलं कुठून, आणि लोक ते कशाकशासाठी वापरतात? अँब्रोजला एका प्रवचनासाठी हवंय. जरा लवकर कळवा.

तुमची,
हेस्टर

ता. क. अँब्रोजला सध्या लेखणी धरायला फुरसत नाही, म्हणून त्याच्याही वतीने मीच लिहिते आहे.


लीड्स
२० सप्टेंबर

चि. हेस्टर,

सात खोल्यांबद्दल अभिनंदन. त्या खोल्यांचं भाडं एकोणचाळीस कलमं आहे हे मी विसरलेलो नाही, पण आज भांडायचं नाही असं ठरवून बसलोय. तू माझ्या आवडीचा खाऊ पुढे केलास.

ऐक. शेजारचा जर्मन वाचतो तेव्हा त्याच्या भाषेत तो 'वेचतो'. जुना रोमनही वेचतच होता. जणू अक्षरं म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसं. वाका आणि गोळा करा. आमच्या पूर्वजांनी हा शब्द घेतला नाही. त्यांनी उचलला तो सल्ला देण्याचा शब्द. 'रीड' म्हणजे मसलत करणं, वाट दाखवणं. मग, जे उमगत नाही त्याचा उलगडा करणं. कोड्याला आपण 'रिडल' म्हणतो ते याच घरातलं लेकरू. नऊशे वर्षांपूर्वीच्या एथेलरेड राजाला 'अनरेडी' म्हणतात. शाळेतली पोरं समजतात, बिचारा कधी तयारच नसायचा. तयार असायचा गं! त्याच्यापाशी शहाणा सल्ला नव्हता, एवढंच ते नाव सांगतं.

आता डोळ्यांपुढे आण. लाकडावर, दगडावर कोरलेल्या चार रेघा. एक माणूस पुढे होतो, बाकीचे श्वास रोखून उभे. तो त्या रेघांचा उलगडा करतो आणि सांगतो, 'यात असं असं आहे.' आमच्या लोकांना वाचणं म्हणजे हे वाटलं. आणि आजही बघ. खलाशी आभाळ वाचतो. म्हातारी कपाच्या तळाची चहाची पत्ती वाचते. विद्यार्थी विद्यापीठात कायदा 'वाचतो', म्हणजे शिकतो. आई पोराचा चेहरा वाचते. यांतल्या किती जणांच्या हातात पुस्तक आहे? समजून न घेता जे केलं जातं, त्याला या क्रियापदाने कधी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. आता मात्र आम्ही सगळे जण वर्तमानपत्रं चघळतो आणि त्यालाच वाचणं म्हणतो!

हे प्रवचनात सांग म्हणावं अँब्रोजला. झोपलेले उठतील.

तुझा,
थॅडियसमामा


स्कॉल्बी
२५ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुमचं पत्र मिळाल्याबरोबर अँब्रोजला वाचून दाखवलं. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला, 'मामांना एक विचार.'

समजा, एखाद्याला मजकूर पूर्ण पाठ आहे. पुस्तक समोर उघडं आहे, पानं वेळच्या वेळी उलटली जाताहेत, शब्द एकही चुकत नाही. पण नजर अक्षरांवर नाही. त्याला वाचन म्हणायचं का? ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या मनात काय असेल?

विचारण्याचं कारण म्हणजे चर्चचा कारभार बघणारे इथले वॉर्डन मिस्टर लेगॉट. 'आमच्यासमोर सगळं वाचलं' अशी सही दोन वॉर्डननी करायची असते. दुसरे वॉर्डन बहिरे आहेत, लेगॉट जिथे करतील तिथे तेही करतात. म्हणजे सही एकट्या लेगॉटचीच. चारशे मेंढ्यांचा मालक, आणि माणसालाही दात तपासून घेणारा. परवा फाटकापाशी मला म्हणतो, "बाई, तुमचा भाऊ नजरेला नजर देत नाही. बाजारात असा माणूस भेटला तर मी त्याच्याकडून मेंढी घेत नाही."

मी म्हटलं, "तो मेंढ्या विकायला आलेला नाही."

"तेच बघतोय," म्हणाला, "काय विकायला आलाय ते."

मला हल्ली जेवण जात नाही. हवापाणी मानवत नसेल.

हेस्टर


लीड्स
३ ऑक्टोबर

हेस्टर, पोरी,

बस्स. मला कळलं!

मजकूर पाठ, पण नजर अक्षरांवर नाही! मी चोवीस वर्षं शाळामास्तर होतो. मूल प्रश्न का विचारतंय ते मी प्रश्नाच्या चालीवरून ओळखतो. अँब्रोजला ती कलमं वाचायची नाहीत. जीभ म्हणेल, पण मन बाजूला उभं राहील, अशी पळवाट तो शोधतोय. आणि नजरेला नजर देत नाही म्हणे! कसा देईल? ज्याच्या पोटात एक आणि ओठांत दुसरं ठेवायची वेळ येते तो प्रामाणिक माणूस खालीच बघणार.

त्याला माझा निरोप सांग: पळवाट नको. सरळ नाही म्हण! चौतीस वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या जागेसाठी मी याच कागदासमोर उभा होतो. सही केली असती तर आज केंब्रिजात उबदार खोलीत बसलो असतो. सतरा कलमांपर्यंत मी दात खाऊन गेलो असतो, पण अठराव्याने माझी वाट अडवली. 'जो म्हणेल की माणूस आपापल्या पंथाने प्रामाणिकपणे चालला तर तरतो, तो शापित असो.' शापित! देवाच्या नावाने, थंड डोक्याने, कलमाला नंबर घालून दिलेला शाप! मी लेखणी ठेवली आणि चालू लागलो. उपाशी राहिलो, पण एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

काल इथल्या कामगार संस्थेत माझं व्याख्यान होतं. मला राहवलं नाही. नाव घेतलं नाही, इतका मूर्ख मी नाही. एवढंच म्हणालो की लिंकनशायरच्या टेकड्यांत माझ्या रक्ताचा एक माणूस नव्या पदाच्या दारात उभा आहे आणि त्याचा गळा त्या शब्दांना नकार देतोय. चारशे माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. त्याला सांग, तो एकटा नाही.

थॅडियसमामा


स्कॉल्बी
८ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही हे काय करून बसलात?

अँब्रोज आंधळा झाला आहे.

आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. जूनमध्ये त्याला मोठी अक्षरं दिसत होती. ऑगस्टमध्ये खिडकी कुठे आहे एवढं कळत होतं. आता तेही नाही. लिंकनच्या डॉक्टरांनी हात टेकले. बिशपसाहेबांना कळवलं असतं तर हे पद त्याला मिळालंच नसतं. आणि जुनं काम तर आम्ही सोडून बसलो होतो. म्हणून गप्प राहिलो. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

महिनाभर रोज सकाळी मी एकेक कलम वाचते आणि तो माझ्यामागून म्हणतो. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस त्याला आता पाठ आहेत. अडचण पानांची आहे. कोणत्या शब्दाला पान उलटायचं, हेही त्याला पाठ करावं लागतं. प्रार्थना तर त्याला झोपेतही येतात. ही चाळीस मिनिटं निभावली की पुढचं सगळं मी सांभाळून नेईन, असा आमचा बेत होता.

तुमचं व्याख्यान वर्तमानपत्रात छापून आलं. काल आर्चडीकनसाहेबांचं पत्र आलं. बिशपसाहेबांचे उजवे हात ते. अतिशय गोड पत्र आहे. लिहितात, 'वाचन व्हायचं बाकी आहे असं पद आमच्या भागात सध्या एकच आहे. तुमच्या मनात काही काहूर असेल तर आधार द्यावा म्हणून २८ तारखेला मी स्वतः पहिल्या बाकावर बसेन आणि पुस्तकात बोट ठेवून ओळन्‌ओळ तुमच्याबरोबर चालेन.'

पकडला गेला तर तो लबाड ठरेल. नाहीच वाचलं तर पद जाईल. आंधळ्या पाद्र्याला दुसरं कोण ठेवेल? आम्ही दोघांनी कोणत्या दारात उभं राहायचं? तुमच्या त्या टाळ्यांचं छप्पर होतं का, मामा?

हेस्टर


लीड्स
१० ऑक्टोबर

हेस्टर,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग तुझी आधीची पत्रं काढली. पहिल्यात लिहिलंयस, अँब्रोजला लेखणी धरायला फुरसत नाही. दुसऱ्यात, त्याला वाचून दाखवलं. तुला जेवण जात नाही. सगळं समोर पडलेलं होतं. मी मात्र त्यात माझीच गोष्ट शोधत बसलो. क्षमा मागत नाही. क्षमा मागणारा मोकळा होतो, आणि मला इतक्यात मोकळं व्हायचं नाही.

कामाचं बोलतो. सोंग करू नका. आर्चडीकनच्या नाकासमोर तर नाहीच नाही. मी काल एका वकिलाकडे जाऊन बसलो आणि कायदा शब्दाशब्दाने पाहिला. 'सार्वजनिकपणे' आहे, 'उघडपणे' आहे, 'सगळी' आहे, 'वाचावी' आहे. डोळ्यांनी, असं कुठेही नाही. वकील म्हणतो, यावर कुणी भांडलेलं त्याला ठाऊक नाही. निकाल कुठेही झुकू शकेल.

इथल्या अंधांच्या शाळेत आज सकाळी गेलो होतो. जाड कागदावर उठावाची अक्षरं असतात. आपल्या नेहमीच्या अक्षरांचीच सोपी रूपं, बोटाने चाचपून वाचायची. ज्यांची नजर मोठेपणी गेली असे लोक ती पंधरा दिवसांत शिकतात. या अक्षरांत ती कलमं कुणी छापलेली नाहीत. तेव्हा मी टोचतोय. कागदाच्या मागच्या बाजूने सुईने टोचत जायचं, म्हणजे पुढे उठाव येतो. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात. बोटं वाताने वाकलेली आहेत, पण चालेल.

सोबत मुळाक्षरं आणि पहिलं कलम आहे. तूही शिक. रोजच्या टपालाने पुढची येतील.

थॅडियस


स्कॉल्बी
१७ ऑक्टोबर

प्रिय मामा,

सातही पाकिटं पोचली. तुम्हाला लगेच कळवलं नाही, कारण अँब्रोजने पहिलं पाकीट उघडून हात फिरवला आणि कागद भिंतीवर भिरकावले. म्हणाला, "साठ माणसांसमोर पोरासारखा अक्षरं चाचपडत उभा राहू? चाळीस मिनिटांचं एक सोंग, हेस्टर, आणि मग जन्मभर मी यांची इमाने सेवा करीन." मी कागद गोळा केले आणि स्वयंपाकघरात बसून स्वतःच शिकू लागले.

मग शुक्रवारी आम्ही चर्चमध्ये तालमीला गेलो. कुणी नव्हतं. अँब्रोजने पुस्तक उघडलं आणि खणखणीत सुरुवात केली. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. खरं सांगते, मलाही वाटलं की तो वाचतोच आहे. सव्विसावं कलम चालू असताना खांबामागून आवाज आला, "पाद्रीसाहेब!"

झाडलोट करणाऱ्या मिसेस ब्रम्बी. हातात फडकं घेऊन गुडघ्यांवर बसल्या होत्या. कधीपासून, देव जाणे.

"पाद्रीसाहेब, तुम्ही आत्ता दोन पानं एकदम उलटलीत. पण शब्द एकसुद्धा गळला नाही! केवढी ही विद्या!"

 त्या उठल्या, त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या तोंडापुढे फडकं हलवलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "अरे देवा. आणि मी इतके दिवस म्हणत होते, माणूस गर्विष्ठ आहे, नमस्काराला मान हलवत नाही." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या पोटात राहील, बाई. पण मी साधी, पेपरसुद्धा न वाचणारी बाई आहे. मला दिसलं ते त्या मोठ्या साहेबांना दिसणार नाही का?"

 घरी आल्यावर अँब्रोज खुर्चीत बसला आणि हात पुढे केला. म्हणाला, "आण ते कागद."

आता दिवसभर तेच चालू आहे. बोटांची कातडी हुळहुळी झाली आहे. मजकूर पाठ असल्यामुळे जीभ बोटाच्या पुढे धावते. मग तो स्वतःलाच दटावतो, मागे येतो आणि अक्षर लागल्याशिवाय शब्द उच्चारत नाही. एका कलमाला पाच-सहा मिनिटं लागतात. म्हणजे सगळ्याला तीन तास. लोक थांबतील का, मामा? लेगॉट थांबेल का?

हेस्टर


लीड्स
२६ ऑक्टोबर

हेस्टर,

हे शेवटचं पाकीट. एकोणिसाव्यापासून एकोणचाळिसाव्यापर्यंतची तुला मिळालीच आहेत. यात फक्त अठरावं आहे. ते मागे राहिलं होतं. दोन दिवस सुई हातात धरून नुसता बसून होतो. मग टोचलं. टोचणं म्हणजे मान्य करणं नव्हे, असं स्वतःला बजावलं.

शनिवारी दुपारी मिळेल. त्याच्या जागी घाल.

थॅडियस


स्कॉल्बी
२९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

चर्च भरलं होतं. छताच्या नव्या लाकडाचा वास येत होता. आर्चडीकन पहिल्या बाकावर, पुस्तक मांडीवर उघडं. लेगॉट त्यांच्यामागे, हाताची घडी घालून. मी अँब्रोजला हाताला धरून वाचनमेजापाशी नेलं, तेव्हाच कुजबुज सुरू झाली. तो म्हणाला, "मला दिसत नाही. उन्हाळ्यापासून दिसत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं, भीतीपोटी सांगितलं नाही. आता मी कलमं वाचणार आहे. बोटांनी वाचणार आहे. वेळ लागेल."

आर्चडीकन अर्धवट उठले. मग बसले.

पहिल्या तीन-चार कलमांना लोक श्वास धरून होते. दहाव्यापाशी खोकले सुरू झाले. तेराव्याला चुलीवर मांस ठेवून आलेल्या दोघी-तिघी शाली सावरत निघून गेल्या. लेगॉट हलला नाही. नजर अँब्रोजच्या बोटांवर, मेंढी तपासावी तशी. सतराव्यालाच बारा मिनिटं लागली. मग मी अठराव्याचा कागद पुढे सरकवला.

अँब्रोजचं बोट चाललं, थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. काही नाही. मी वाकून पाहिलं. कागद फाटलेला होता, मामा. शापाची ती ओळ सुरू होते तिथून सुई आरपार गेलेली. नुसती भोकं आणि चिंध्या. शनिवारी मी पाकीट उघडून कागद त्याच्या जागी घातला होता, तपासला नव्हता.

अँब्रोज म्हणाला, "इथे कागद फाटला आहे. मला हे वाचता येत नाही."

आर्चडीकन पुढे आले आणि हळूच, पण पहिल्या तीन बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अँब्रोज थर्कल, तुम्हाला हे पाठ असणारच. म्हणून टाका. मी हरकत घेणार नाही."

मामा, मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण! दोन ओळी! एवढ्या दोन ओळींवर सात खोल्या उभ्या आहेत, म्हण!

"पाठ आहे," अँब्रोज म्हणाला. "सगळीच पाठ आहेत. पण मी वाचीन असं सांगून उभा राहिलोय."

 कुणीतरी मागून हसलं. मी केसांतली पिन काढली आणि म्हणाले, "मी टोचते. मला जाड कागद द्या." कुठला जाड कागद असणार चर्चमध्ये? लेगॉट उठला. बुटांचा आवाज करत दाराकडे गेला. मला वाटलं, संपलं, हा निघाला. त्याने भिंतीवरचा तक्ता खिळ्यावरून काढला. कुणी कुणाशी लग्न करू नये त्या नात्यांचा, तोच, जो प्रत्येक चर्चमध्ये टांगलेला असतो. घेऊन आला आणि माझ्यापुढे आपटला.

"याच्या पाठीवर टोचा. या गावात सध्या आजीशी लग्न करायला कुणी निघालेलं नाही."

सगळं चर्च हसलं. मिसेस ब्रम्बी ओरडल्या, "तोवर आम्ही नुसते बसू होय? गाणं धरा कुणीतरी!" आणि त्यांनीच सूर लावला.  आर्चडीकन माझ्याजवळ वाकून ती ओळ शब्द शब्द करून सांगत होते, मी उलट्या अक्षरांत टोचत होते. लोकांनी तेच स्तोत्र चार वेळा म्हटलं. लेगॉट मधूनच म्हणायचा, "सावकाश, बाई. जेवण तर करपलंच आहे."

मग अँब्रोजने त्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि ते वाक्य वाचलं. फार हळू वाचलं. सगळी कलमं संपली तेव्हा दोन वाजून गेले होते. त्याने मान्यतेचं वाक्य म्हटलं. चर्चमध्ये एकतीस माणसं उरली होती. मी मोजली.

सहीच्या वेळी आर्चडीकन म्हणाले, "मिस्टर लेगॉट, याला वाचन म्हणावं का, हा प्रश्न उरतो."

लेगॉट म्हणाला, "साहेब, माझ्या हयातीत या चर्चमध्ये हे तिसऱ्यांदा झालं. पहिला पुटपुटला. दुसऱ्याने इतकं पळवलं की बहिऱ्या वॉर्डनमध्ये आणि माझ्यात काही फरक उरला नाही. वाचताना मी बघितला तो हा पहिला." आणि सही केली. मग अँब्रोजकडे न बघता म्हणाला, "पण उन्हाळ्यापासून लपवलंत, ते मी विसरणार नाही."

आर्चडीकननी बराच वेळ त्या फाटक्या कागदावर डोळे मिटून बोट फिरवलं. मग अहवालात एक शब्द लिहिला: 'वाचलं.'

घर राहिलं, मामा. मी काल संध्याकाळी जेवले.

एक विचारते. तो कागद टपालात फाटला का?

हेस्टर


लीड्स
१ नोव्हेंबर

हेस्टर,

नाही. टपालात नाही.

माझी आई, तुझी आजी, क्वेकर पंथाची होती, या चर्चच्या बाहेरची. तू तिला पाहिलं नाहीस. ती म्हणायची, तुर्क असो नाहीतर आपला शेजारी, मनापासून चालणाऱ्याला देव दारातून परत पाठवत नाही. रोज म्हणायची, पीठ मळताना. म्हणजे ते कलम माझ्या आईचं नाव घेऊनच शाप देतं. ती ओळ आली आणि माझा हात माझा राहिला नाही. सुई टेबलात रुतली.

एवढंच असतं तर लिहायला लाज वाटली नसती. टोचून झाल्यावर मी डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं होतं. एक अक्षर लागत नव्हतं. दुसरा कागद समोर होता, टपालाला तासभर अवकाश होता. तरी मी पाकीट बंद केलं.

तुमचं छप्पर मी दुसऱ्यांदा पणाला लावलं. पहिल्यांदा नकळत, या वेळी कळून. अँब्रोजला हे वाचून दाखव. तो रागावला तर मला सांग. नाही रागावला तर सांगू नकोस, ते मला सोसवणार नाही.

थॅडियस


स्कॉल्बी
५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नको म्हणालात तरी सांगते, तो रागावला नाही. मी रागावले. माझं उतरायला वेळ लागेल.

पण मी लिहिते आहे ते दुसऱ्याच कारणाने. अँब्रोज म्हणतो, अठरावं कलम सोळा वर्षं त्याच्या ओळखीचं होतं आणि आता तर पाठही झालं होतं, म्हणून त्याच्या लक्षातच कधी आलं नव्हतं की त्यात काय म्हटलंय. त्या तक्त्यावर 'शापित' हा शब्द एकेक अक्षराने बोटाखाली येत गेला. पुढे काय येणार हे ठाऊक होतं, तरी बोट पुढे जाईना, म्हणतो. मग त्याने तो शब्द उच्चारला आणि दीड-दोन तासांनी त्याच तोंडाने सांगितलं की हे मला मान्य आहे.

सह्या झाल्या आहेत. मी पडदे लावले. मिसेस ब्रम्बी अंडी आणून देतात. लेगॉट तक्ता परत मागायला आला होता, तर अँब्रोज म्हणाला, 'अजून माझं झालं नाही.' रोज सकाळी तो घेऊन बसतो. काल जेवताना घास हातातच धरून मला म्हणाला, "हेस्टर, सोंग करणार नाही म्हणून मी तीन तास उभा राहिलो. आणि शेवटच्या वाक्यात काय केलं?"

मी म्हटलं, सूप गार होतंय.

आज पुन्हा विचारेल. तुम्ही या, किंवा लिहा, पण लवकर. त्याला मी काय सांगू? व्यासपीठावरचं उत्तर मात्र नको, मामा. ते मला पाठ आहे.

हेस्टर